साठवणीतली कीड आणि घरातली मुकी जनावरं



आपल्या कार्यक्रमात भाताच्या राबापासून मळणीपर्यंत सगळं बोलून होतं. पण भात घरात आलं, कणगीत पडलं, की पुढचं घरच्या बाईवर सोपवून आपण मोकळे होतो. श्रावणात ती डबा उघडते तर तांदळात टोके चालताहेत, रव्याला जाळं धरलंय, आणि संध्याकाळी दिवा लावला की करड्या रंगाची बारीक पाखरं स्वयंपाकघरात भिरभिरताहेत. मग घरधनी बाजारात जातो आणि कुणी सांगेल ते औषध घेऊन येतो. हे पत्रक त्या औषधाबद्दल आहे, आणि त्यावाचून कसं भागवायचं याबद्दल आहे. कारण आपल्या घरात नुसती माणसं राहत नाहीत. दाराशी कुत्रा असतो, चुलीपाशी मांजर असतं, परसात कोंबड्या असतात. माणसाला सांगून ठेवता येतं की त्या डब्याला हात लावू नकोस. त्यांना कोण सांगणार?

गेल्या पावसाळ्यात उल्हासनगरला, कॅम्प नंबर ३ मध्ये, एका घरी जाणं झालं. घरातली सून मलंगगडाच्या पायथ्याच्या एका गावची. तिच्या वडिलांच्या शेतातला दोन गोणी तांदूळ दरवर्षी माघात तिच्याकडे येतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचा तांदूळ असाच अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरला लेकीबाळींकडे नाहीतर ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे जातो. आम्ही गेलो तेव्हा वडीलही आलेले होते आणि सासरे-जावयाचं नेमकं तेच बोलणं चाललं होतं.

"मामा, राग मानू नका, पण तांदळालाच कीड असते तुमच्या. दुकानचा तांदूळ असा होत नाही."

"जावईबापू, तोच तांदूळ माझ्या घरी आहे. त्यात एक टोका दाखवा, पुढच्या साली गोणी पाठवणार नाही."

खरं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. जावयाने कुठूनशा राखाडी रंगाच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. रात्री तांदळाच्या पिंपात चार गोळ्या टाकायच्या आणि झाकण लावायचं, असा बेत. दोन खोल्यांचं घर. पिंप आतल्या खोलीत, तिथेच दोन मुलं झोपतात, त्यांच्या पायथ्याशी कुत्रा, आणि खिडकीत लव्हबर्डचा पिंजरा. त्या गोळ्या पिंपात पडल्या असत्या तर सकाळी काय दिसलं असतं, ते लिहवत नाही.

गोळी म्हणजे काय

या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की गोळी फुलते, तिची भुकटी होते आणि फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. पावसाळ्यात ओलावा जास्त, म्हणून वायूही लवकर सुटतो. पिंपाचं झाकण कितीही घट्ट वाटलं तरी हा वायू फटीतून बाहेर येतो आणि दाराखालून दुसऱ्या खोलीत जातो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो खरा, पण वास आला की उठू, या भरवशावर कुणी राहू नये. झोपेत वास कळत नाही. आणि या विषाला उतारा नाही. डॉक्टर श्वास आणि हृदय सांभाळण्याची शिकस्त करतात, पण ते मोडून काढणारं औषध त्यांच्याकडेही नाही.

उल्हासनगरसारख्या ठिकाणी धोका आणखी वाढतो. ही वस्ती मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत बसली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं त्या बराकींत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. एका लांबलचक बराकीच्या आडव्या भिंती घालून खोल्या पाडलेल्या, त्यामुळे याची भिंत ती त्याची भिंत. आता बराकींच्या जागी मजले चढले, पण भिंतीला भिंत लागून आहेच. तुम्ही तुमच्या पिंपात गोळी टाकाल आणि त्रास शेजारच्या घरातल्या तान्ह्या मुलाला होईल. गावात आपली घरं सुटी असली तरी कणगी माजघरात आणि झोपायची जागाही माजघरातच, म्हणजे गोष्ट तीच.

या गोळ्या वापरण्याची परवानगी सरकारी यंत्रणांना आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या प्रशिक्षित धुरी देणाऱ्यांनाच आहे. गोदाम रिकामं करून, ताडपत्रीने हवाबंद करून, दिवस मोजून करायचं ते काम आहे. दहा-वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर बंदीच आहे. तरीही कुठे ना कुठे सुट्या गोळ्या मिळतात, आणि मिळतात म्हणून आपण आणतो. जुन्या माणसांना ईडीबीच्या काचेच्या कुप्याही आठवत असतील. कापडात गुंडाळलेली कुपी कणगीत फोडून वरून शेण-मातीने लिंपायचं. त्या काळी कुप्या वापरायला सांगणारेही सरकारी खात्याचेच लोक होते. पुढे त्या औषधाचे दुष्परिणाम कळले आणि २००१ साली त्याच्यावर बंदी आली. म्हणजे एके काळी आम्हीच सांगितलं होतं असं कुणी म्हणेल तर ते खरं आहे. आता नका वापरू.

गोळीचा वास आला, किंवा कुणाला मळमळ, छातीत दडपण, चक्कर होऊ लागली, तर आधी माणसं आणि जनावरं मोकळ्या हवेत काढा. पिंप उघडून गोळी शोधत बसू नका, आणि गोळीवर पाणी तर मुळीच ओतू नका. पाण्याने वायू एकदम उसळतो. १०८ ला फोन लावा आणि जवळचं मोठं रुग्णालय गाठा. कॅम्प ३ मध्ये सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. जाताना गोळ्यांचं वेष्टन डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या, पण उरलेल्या गोळ्या बंद गाडीत घेऊन बसू नका. जनावरासाठी पशुवैद्यकीय दवाखाना, किंवा १९६२ हा क्रमांक.

मग कीड आली कुठून?

पुन्हा त्या घरी येऊ. सगळे तांदळाकडे बघत होते. आम्ही म्हटलं, घरात खाण्याचं म्हणून जे जे आहे ते सगळं बाहेर काढा. तांदूळ, डाळी, रवा, बेसन, सुक्या मिरच्या, पापड सगळं निघालं. आणि शेवटी जिन्याखालून दोन पिशव्या निघाल्या. एकीत पाखरांसाठी घेतलेली राळे-बाजरी, दुसरीत कुत्र्याची बिस्किटं. बाजरीच्या पिशवीचं तोंड उघडलं तर दाणे जाळ्यात गुंतून त्यांचे ढेकळासारखे गोळे झालेले, आत पांढरट अळ्या, आणि पिशवी झटकताच दहा-बारा पाखरं उडाली. बिस्किटांच्या तळाला पिठासारखा भुसा साचला होता आणि त्यात तांबडे भुंगेरे वळवळत होते.

हेच सांगायचं आहे. पाळीव जनावर असलेल्या घरात कीड पुष्कळदा जनावराच्या खाण्यातून येते. आपल्या जेवणाचा डबा रोज उघडतो, रोज नजर जाते. कोंबड्यांचं खाद्य, चुनी, पेंड, भरडा, कुत्र्याचा चारा, पाखरांचे दाणे मात्र कोपऱ्यात पोत्यात पडून असतात. स्वस्त पडतं म्हणून पोतं मोठं आणतो. जुनं तळाशी उरलेलं असतानाच नवं त्यावर ओततो. सहा-सहा महिने तळाला कुणी हात घालत नाही. किडीला याहून चांगलं घर कुठलं?

मामांचा तांदूळ गावी नीट राहतो आणि लेकीकडे बिघडतो, याचं दुसरंही कारण आहे. मामा घरी भात ठेवतात आणि लागेल तसं गिरणीत नेतात. तुसासकट अखंड दाण्यात सोंडा सहसा शिरत नाही. तूस निघालं की वाट मोकळी. म्हणून वर्षाचा तांदूळ एकदम कांडून शहरात पाठवण्यापेक्षा भात घरी ठेवावं आणि दोन-दोन महिन्यांचा तांदूळ पाठवावा. फेऱ्या वाढतील, पण बोलणी वाचतील. साठवणीचं भात चांगलं वाळलेलं हवं. दाणा दाताखाली घेतला तर कट्‌कन आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला, चेपला, तर अजून ऊन हवं.

कोण कशात असतो

तांदळात आणि गव्हात दिसतो तो लांब सोंडेचा काळपट किडा म्हणजे सोंडा. आपण टोका म्हणतो, कुठे पोरकिडा म्हणतात. याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. अळी आतल्या आत दाणा खाते आणि पूर्ण किडा होऊनच बाहेर पडते. आपल्याकडच्या दमट, उबदार हवेत हा फेरा चार-पाच आठवड्यांत पुरा होतो. म्हणून तांदूळ आज चाळून स्वच्छ केला तरी तीन आठवड्यांनी पुन्हा किडे दिसतात. ते नवे आलेले नसतात, आतच होते. एवढं लक्षात ठेवलं तर माणूस घाबरून औषधाकडे धावणार नाही.

वाल, चवळी, मूग, हरभऱ्यावर पांढरे ठिपके दिसतात ती भुंग्याची अंडी. ही कीड शेतातल्या शेंगांपासूनच बरोबर येते. पिठातला तांबडा भुंगेरा अखंड दाणा फोडू शकत नाही. तो पीठ, कणी, भरडा यांवर जगतो आणि फार झाला की पिठाला उग्र वास येतो. जाळं करणारं पाखरू तांदूळ, रवा, दाणे काहीही चालवून घेतं. पाखरू स्वतः धान्य खात नाही, खाते ती त्याची अळी. तेव्हा उडणारी पाखरं मारत बसण्यात फारसा अर्थ नाही. ते काम पाली करतात.

यातला कुठलाही किडा चुकून पोटात गेला तर माणसाला की कुत्र्याला विष होत नाही. किळस येते, एवढंच. विष असतं ते आपण वरून घातलेल्या औषधाचं.

औषधाशिवाय साफसफाई

पहिल्यांदा उगम शोधा. जिथे जाळं जास्त, भुसा जास्त, तो उगम. ती पिशवी त्याच क्षणी घराबाहेर न्या. स्वयंपाकघरात उघडून बघू नका, पाखरं तिथेच पसरतात. कीड लागलेलं पण बुरशी न धरलेलं आणि कसलंही औषध न लावलेलं खाद्य कोंबड्यांना घातलं तरी चालतं. त्या अळ्यांसकट आवडीने खातात. पण त्या दिवशी जेवढं संपेल तेवढंच घाला, उरलेलं जाळून किंवा खोल पुरून टाका. उद्या घालू म्हणून ठेवलं की कीड पुन्हा घरात.

बुरशीचं मात्र वेगळं. भिजलेलं, काळं-हिरवं पडलेलं, कुबट वासाचं खाद्य कुठल्याच जनावराला घालू नका. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी बदलापूर, वांगणीकडे घराघरांत शिरलं होतं. अशा वेळी भिजलेलं खाद्य वाळवून वापरायचा मोह होतो, पण वाळवल्याने बुरशीचं विष जात नाही. कोंबड्या, बदकं आणि कुत्री यांचं यकृत त्याने निकामी होतं.

मग फळ्या आणि कपाट झाडा. ओल्या फडक्याने नको, कोरड्या कुंच्याने. फटी, खिळ्यांची भोकं, कागदाखालची जागा, झाकणाची आतली कड इथे अळ्या कोष करून बसतात. जाड सुईने किंवा खराट्याच्या काडीने उकरून काढा. फटी सिमेंटने नाहीतर लांबीने बुजवा. रिकामे डबे उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. डबा आतून जरा ओला राहिला तर एका त्रासाचे दोन होतात.

तांदूळ कडक उन्हात घालू नका, त्याला चिरा जातात आणि भाताची कणी होते. सावलीत चादरीवर पातळ पसरा, टोके आपसूक चालत बाहेर पडतात. मग सुपाने पाखडा, चाळा. हे काम अंगणात करा, कोंबड्या भोवती असल्या तर उत्तमच. दर दहा दिवसांनी असं करत राहा, निदान सहा आठवडे. एकदा करून थांबलात तर केलेलं वाया जाईल.

कडधान्यांना मात्र ऊन मानवतं. चैत्र-वैशाखात काळ्या प्लास्टिकवर दोन बोटं जाडीचा थर पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक टाका, कडा दगडांनी दाबा. आत इतकं तापतं की पाच-सहा तासांत आतल्या अळ्यासुद्धा मरतात. पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा. बियाण्यासाठी ठेवायचं कडधान्य इतकं तापवू नका, उगवणीची जोखीम कशाला घ्या. त्याला आणि खायच्या अखंड कडधान्याला तेल चोळण्याची जुनी रीत चांगली आहे. किलोला एक लहान चमचा गोडेतेल किंवा एरंडेल सगळ्या दाण्यांना लागेल असं चोळायचं. अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती मरतात. पण भुंगा लागण्याच्या आधी चोळायला हवं.

रवा कोरडा भाजून ठेवावा, हे आपल्या आयाबायांना पहिल्यापासून माहीत आहे. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा पाखरांचे दाणे, कुत्र्याची बिस्किटं, बेसन यांना फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात घट्ट बांधलेल्या पिशवीत आठ दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. घरातल्या हवेइतकी होऊ द्या, नाहीतर आत पाणी धरतं.

कडुलिंबाचा पाला पुष्कळजण घालतात. सावलीत खडखडीत वाळवलेला असेल तर घाला, थोडी राखण होते. पण दाण्याच्या आतली अळी त्याने मरत नाही, आणि ओलसर पाला घातला तर बुरशी होते.

ठेवायचं कसं

जनावरांचं खाद्य महिन्याला पुरेल एवढंच आणा. त्याला वेगळा, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा करा आणि तो तांदळाच्या पिंपापासून लांब ठेवा, शक्य तर दुसऱ्या खोलीत किंवा पडवीत. जुनं संपल्याशिवाय नवं ओतू नका. पिंजऱ्याखाली सांडलेले दाणे रोज झाडा. (पाखरं म्हणजे लव्हबर्डसारखी परदेशी जात म्हणतोय. आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, पण लोक अजून ठेवतात.)

तांदळाचं पिंप काठोकाठ भरा. वर मोकळी जागा कमी म्हणजे किड्यांना हवा कमी. दोन लहान पिंपं एका मोठ्यापेक्षा बरी, कारण एक उघडलं तरी दुसरं बंद राहतं. पिंप भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या घाला.

आत किडे आहेत की नाही हे बघायला कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने एक साधी नळी काढली आहे. नळीला बारीक भोकं असतात, ती धान्यात उभी खोचायची. किडे हवेच्या ओढीने भोकातून आत येतात आणि खालच्या भांड्यात पडतात, वर चढता येत नाही. आठवड्याने नळी काढून बघायची. यात कसलंही औषध नाही, म्हणून मांजराने नळीशी खेळलं तरी चिंता नाही.

हे घरात नको

फवारे आणि खडू यांबद्दल थोडं. झुरळ-मुंग्यांच्या खडूत आणि फवाऱ्यात जी औषधं असतात त्यांतली काही, विशेषतः परमेथ्रिन, मांजराला फार बाधतात. कुत्र्याचं शरीर ते पचवून टाकतं, मांजराला तसं करता येत नाही. मांजर फळीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. अंग थरथरू लागलं, झटके आले, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना.

डांबराच्या गोळ्या धान्याजवळ ठेवू नयेत, त्या माणसाला आणि जनावराला दोघांनाही विषारी. तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत घरोघर आहे, पण अन्नात ती घालायला परवानगी नाही आणि धुतल्याने सगळी जाते असंही नाही. पाऱ्याच्या गोळ्या तर नकोतच. बिब्बे घालणाऱ्यांनी ते मुलांच्या आणि कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाहीत असं बघावं, त्वचा भाजते.

मांजर पाळलेलं असेल तर उंदराचं औषध ठेवू नका. काळ्या भुकटीचं ते औषध, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटात गेलं की त्यातूनही तोच फॉस्फिन वायू सुटतो. मेलेला उंदीर मांजराने खाल्ला की राखणदारच गेला. आणि जाता जाता, खतासाठी आणलेली एरंडीची पेंड उघड्यावर ठेवू नका. तिचा वास कुत्र्याला आवडतो, पण ती त्याला मारते. एरंडेल वेगळं आणि पेंड वेगळी, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

कॅम्पातल्या त्या घरी गोळ्यांचं वेष्टन फुटलेलं नव्हतं, हे नशीब. जावई त्या दुसऱ्या दिवशी आणल्या तिथे परत देऊन आला. जिन्याखालच्या पिशव्या गेल्या, तांदूळ दर दहा दिवसांनी चाळला. तिसऱ्या चाळणीलाही थोडे टोके निघाले तेव्हा सुनेने घाबरून फोन केला होता. आम्ही म्हटलं, हे आतलेच आहेत, चाळत राहा. गणपतीपर्यंत निघायचे थांबले. आता ती पाखरांचे दाणे पावशेर-पावशेर आणते, आणि डब्यावर आणल्याची तारीख कोळशाने लिहून ठेवते.